मेमरी बोर्डवरचं टर्मिनेशन: रेझिस्टरची किंमत, जागा आणि परतीची वाट

चार-पाच डीडीआर-४ चिप्स थेट बोर्डवर बसवल्या असतील, तर कंट्रोलरपासून सर्वांत लांबच्या चिपच्या पलीकडे एक नजर टाका. तिथे बारीक रेझिस्टरची एक रांग दिसेल, प्रत्येकी साधारण ३० ते ५० ओहमचा, आणि अधूनमधून कपॅसिटर. हेच टर्मिनेशन: टोकाला पोचलेला सिग्नल मागे न फिरता जिरावा म्हणून लावलेला भार. बरेच डिझायनर ही रांग कुठल्यातरी रेफरन्स बोर्डवरून जशीच्या तशी उतरवून घेतात. त्या बोर्डवर ३९ ओहम होते म्हणून इथेही ३९. त्या बोर्डवर चिप्समधलं अंतर किती होतं, चिप्स एकाच बाजूला होत्या की दोन्ही, हे कोणी बघत नाही.

ही किंमत स्टॅकअपमध्ये, म्हणजे बोर्डच्या थरांच्या आराखड्यात, लिहिलेल्या ट्रॅकच्या इंपीडन्सवरून (बदलत्या सिग्नलला लाइनचा रोध) ठरत नाही. चिप्स बसल्यावर ती लाइन विजेच्या दृष्टीने जशी होते, तिच्यावरून ठरते. आणि किंमत अचूक काढली तरी रेझिस्टरची जागा किंवा करंटची परतीची वाट चुकली, तर त्या गणिताचा काही उपयोग होत नाही. म्हणून हे सगळं राउटिंगच्या आधी करायचं असतं. खाली मी ज्या क्रमाने करतो त्याच क्रमाने लिहितो आहे. उदाहरण मुख्यतः डीडीआर-४ चं आहे.

परावर्तन नेमकं काय करतं

एफआर-४ बोर्डच्या आतल्या लेयरमध्ये सिग्नलला एक मिलिमीटर जायला सुमारे ७ पिकोसेकंद लागतात. ड्रायव्हर, म्हणजे लाइन हाकणारं आउटपुट, जेव्हा पातळी बदलतो, तेव्हा लाइनच्या दुसऱ्या टोकाला काय आहे हे त्याला ठाऊक नसतं. त्या क्षणी त्याच्यासमोर असतो फक्त ट्रॅकचा इंपीडन्स. टोकाला पोचल्यावर तिथला भार वेगळा निघाला, तर लहरीचा काही भाग मागे फिरतो. किती फिरतो, ते सोपं आहे: भारातून ट्रॅकचा इंपीडन्स वजा करा आणि दोघांच्या बेरजेने भागा.

३४ ओहमचा ड्रायव्हर, ५० ओहमचा ट्रॅक, १.२ व्होल्टची उडी, टोकाला मेमरीचं इनपुट आणि टर्मिनेशन काहीच नाही, असं धरू. ट्रॅकवर सुरुवातीला १.२ × ५० ÷ ८४ म्हणजे ०.७१ व्होल्टची लहर निघते. इनपुट जवळजवळ उघडं टोकच असल्यामुळे ती तिथे पूर्ण परावर्तित होते आणि पातळी १.४३ व्होल्टवर जाते, सप्लायच्याही वर. परतलेली लहर ड्रायव्हरपाशी पोचते तेव्हा गुणांक (३४ − ५०) ÷ ८४, म्हणजे उणे ०.१९. उलट्या चिन्हाची छोटी लहर पुन्हा पुढे जाते, पातळी १.१६ पर्यंत घसरते, आणि हे हेलकावे विरेपर्यंत चालू राहतात. दरम्यान पुढचा बिट निघालेला असतो. आधीच्या बिटाचे अवशेष त्याच्यावर चढतात आणि आय, म्हणजे बिट खात्रीने वाचता येण्याची मोकळी खिडकी, आकसते.

पायरी १: गरज आहे का, ते राइज टाइमवरून ठरवा

इथे क्लॉकची फ्रिक्वेन्सी बघून चालत नाही, सिग्नलच्या कडेला, म्हणजे एका पातळीवरून दुसरीवर जाणाऱ्या उडीला, चढायला लागणारा वेळ बघायचा. तो कंट्रोलरच्या आयबिस मॉडेलमध्ये, म्हणजे पिनचं विद्युत वर्तन सांगणाऱ्या फाइलमध्ये, मिळतो. ढोबळ नियम असा, की एका दिशेचा विलंब राइज टाइमच्या सहाव्या भागाहून जास्त झाला, की त्या ट्रॅकला ट्रान्समिशन लाइन मानायचं. जुन्या एसडीरॅमची कड २ नॅनोसेकंदांची असेल, तर ही मर्यादा ४५-५० मिलिमीटरपर्यंत जाते. २०० पिकोसेकंदांच्या कडेला ती जेमतेम ५ मिलिमीटर उरते. आजच्या मेमरीत एवढा छोटा ट्रॅक घालणं शक्यच नाही. त्यामुळे खरा प्रश्न टर्मिनेशन हवं का हा नसून कुठे आणि कसलं हवं हा आहे.

एकच चिप कंट्रोलरला अगदी चिकटून असेल, तर काही कंट्रोलरच्या मार्गदर्शिका बाहेरचं टर्मिनेशन गाळायची मुभा देतात. ती मुभा सिम्युलेशन केल्याशिवाय घेऊ नका.

पायरी २: सिग्नलचे ढीग वेगळे करा

पिढीगणिक टर्मिनेशनची जागा सरकत गेली आहे. पहिल्या डीडीआरमध्ये सप्लाय २.५ व्होल्टचा होता आणि डेटा लाइन्सचे रेझिस्टरही बोर्डवरच, १.२५ व्होल्टच्या व्हीटीटीला, म्हणजे टर्मिनेशनसाठीच्या निम्म्या पातळीच्या सप्लायला, जोडलेले असत. डीडीआर-२ ने, १.८ व्होल्टवर, डेटाचं टर्मिनेशन चिपच्या पोटात घेतलं. हीच ओडीटी, म्हणजे ऑन-डाय टर्मिनेशन. २००७ साली प्रमाणित झालेल्या डीडीआर-३ ने, १.५ व्होल्टवर, कमांड-अॅड्रेससाठी फ्लाय-बाय म्हणजे एकामागून एक चिपला स्पर्श करत जाणारी मांडणी आणली. २०१२ च्या डीडीआर-४ मध्ये सप्लाय १.२ व्होल्टवर आला आणि डेटाची ओडीटी मधल्या पातळीऐवजी थेट व्हीडीडीक्यूला, म्हणजे डेटा पिन्सच्या सप्लायला, जोडली गेली. २०२० च्या डीडीआर-५ मध्ये, १.१ व्होल्टवर, कमांड-अॅड्रेसचं टर्मिनेशनही चिपमध्ये गेलं आणि बोर्डवरची ती रांग नाहीशी झाली. एलपीडीडीआर-४ ची तऱ्हा निराळीच आहे: तिथे टर्मिनेशन ग्राउंडला असतं.

म्हणून स्कीमॅटिक उघडायच्या आधी कागदावर ढीग करा. डीडीआर-४ साठी पहिला ढीग डेटा, स्ट्रोब (डेटा कधी टिपायचा ते सांगणारा सिग्नल) आणि डेटा मास्कचा. त्यांचं टर्मिनेशन आत. दुसरा कमांड, अॅड्रेस आणि कंट्रोलचा. यांना बाहेर, व्हीटीटीला. तिसरा क्लॉकचा, त्याची डिफरेन्शियल जोडी स्वतंत्र.

चौथा ढीग छोटा आहे, पण चुका इथेच जास्त होतात. रीसेट हा संथ सिग्नल आहे. तो या रांगेत ओढला गेला, तर सप्लाय चढत असताना, म्हणजे अजून त्याला कोणी हाकत नसताना, तो मधल्याच पातळीला तरंगत राहतो. प्रमाणकाची अट आहे की त्या काळात रीसेट खाली असला पाहिजे आणि सप्लाय स्थिर झाल्यावरही किमान २०० मायक्रोसेकंद खालीच राहिला पाहिजे. म्हणून त्याला ग्राउंडकडे काही किलोओहमचा पुल-डाउन द्या, व्हीटीटीपासून लांब ठेवा. अॅलर्ट हा ओपन-ड्रेन आहे, म्हणजे चिप त्याला फक्त खाली ओढते, म्हणून त्याला सप्लायकडे पुल-अप लागतो.

ड्रायव्हरपाशी लावायचा सिरीज रेझिस्टर या सगळ्यात कुठे बसतो? ट्रॅकच्या इंपीडन्समधून ड्रायव्हरचा स्वतःचा रोध वजा केला की त्याची किंमत येते. ५० मधून २५ गेले तर २२ किंवा २७ ओहम. एका ड्रायव्हरकडून एकाच चिपला जाणाऱ्या एसडीरॅमच्या लाइनला तो उत्तम. त्यात सतत करंट वाहत नाही, वेगळा सप्लाय लागत नाही. पण त्याच्यामुळे लाइनवर आधी अर्ध्याच उंचीची लहर निघते आणि टोकावरून परतताना ती पूर्ण होते. टोकाच्या चिपला स्वच्छ कड मिळते, मधल्या चिप्सना मात्र अर्ध्या पातळीवर थांबलेली पायरी दिसते, तीही नेमकी उंबरठ्याजवळ. म्हणून फ्लाय-बाय साखळीत हा मार्ग घेऊ नये.

पायरी ३: डेटा लाइन्सची ओडीटी

डेटा लाइन्सना बोर्डवर रेझिस्टर नाही म्हणून काम संपलं असं वाटतं. तसं नसतं. राइट करताना मेमरीची ओडीटी चालू असते, रीड करताना कंट्रोलरची. दोन्ही ठरवाव्या लागतात, आणि कंट्रोलरची बाजू बहुधा विसरली जाते.

डीडीआर-४ मध्ये ओडीटीच्या किमती २४० ओहमच्या भागाकारातून येतात: २४०, १२०, ८०, ६०, ४८, ४०, ३४. ही शिडी अचूक राहते ती झेडक्यू या जुळवणीच्या पिनवरच्या २४० ओहमच्या, १ टक्क्याच्या रेझिस्टरमुळे. तापमान आणि सप्लाय बदलले की चिप त्याच्याशी ताडून स्वतःला पुन्हा जुळवून घेते. हा रेझिस्टर स्वस्तातला ५ टक्क्यांचा लावला, तर ड्राइव्ह आणि ओडीटी दोन्ही त्याच प्रमाणात ढळतात. प्रत्येक चिपला तो स्वतंत्र द्या आणि पिनच्या जवळ ठेवा.

आता थोडं गणित. ३४ ओहमचा ड्रायव्हर आणि ४८ ओहमची ओडीटी घ्या. लाइन वर असताना दोन्ही टोकं व्हीडीडीक्यूवर, त्यामुळे करंट शून्य. खाली असताना १.२ ÷ ८२, म्हणजे १४.६ मिलिअँपिअर. खालची पातळी ०.५० व्होल्ट, वरची १.२. मध्य ०.८५ व्होल्टवर, म्हणजे व्हीडीडीक्यूच्या ७१ टक्क्यांवर. हा मध्य ड्रायव्हर आणि ओडीटीच्या निवडीनुसार सरकतो. म्हणूनच डीडीआर-४ मध्ये डेटाचा व्हीरेफ, म्हणजे शून्य की एक हे ठरवणारा उंबरठा, बाहेरून दिला जात नाही, चिपच्या आत ट्रेनिंगने, म्हणजे सुरुवातीला वेगवेगळ्या पातळ्या आजमावून, शोधला जातो. ७१ टक्क्यांचा हा आकडा टिपून ठेवा, शेवटी लागेल.

ओडीटीचे तीन रजिस्टर आहेत. एमआर-१ मधली नॉमिनल, एमआर-२ मधली राइटच्या वेळची, आणि एमआर-५ मधली पार्क, जी लाइन निष्क्रिय असताना लागू होते. एकच रँक (एकाच वेळी निवडला जाणारा चिप्सचा गट) असेल तर सुरुवात ४८ किंवा ६० ने करा. आय पुरेशी उघडत असेल, तर मोठ्या ओहमकडे सरका: वीज वाचते, चिप गार राहते.

पायरी ४: कमांड-अॅड्रेस, जिथे खरी मेहनत आहे

फ्लाय-बाय लाइन प्रत्येक चिपपाशी थोडी थोडी कपॅसिटन्स उचलते. चिपचं इनपुट, पॅड, व्हाया (लेयर जोडणारं छिद्र) हे सगळं धरून समजा दर चिपला १ पिकोफॅरड. ५० ओहमच्या, मिलिमीटरला ७ पिकोसेकंद घेणाऱ्या ट्रॅकची स्वतःची कपॅसिटन्स ७ ÷ ५० म्हणजे मिलिमीटरला ०.१४ पिकोफॅरड. चिप्समधलं अंतर १४ मिलिमीटर असेल, तर त्या तुकड्याची १.९६ पिकोफॅरड. त्यात १ ची भर पडली, म्हणजे एकूण कपॅसिटन्स दीडपट झाली. इंपीडन्स या पटीच्या वर्गमुळाने उतरतो: ५० ÷ १.२३, म्हणजे जवळपास ४१ ओहम. सर्वत्र दिसणारा ३९ हा आकडा असा जन्माला येतो.

पण हेच गणित वेगळ्या मांडणीला लावा. चिप्स २५ मिलिमीटरवर असतील, तर ४४ ओहम येतात. दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवल्या, म्हणजे एका जागी २ पिकोफॅरड, तर ३५. रेफरन्स बोर्डचा आकडा उचलणं म्हणजे त्या बोर्डची मांडणी गृहीत धरणं. आणि ५० ओहमचा ट्रॅक म्हणून ५० ओहमचाच रेझिस्टर लावला, तर ४१ च्या लाइनवर सुमारे १० टक्के लहर परत येते.

मोठ्या ओहमचा मोह इथे कायम असतो, कारण त्याने स्विंग वाढतो. ३४ ओहमचा ड्रायव्हर आणि ४० ओहमचं टर्मिनेशन असेल, तर चिपपाशी व्हीटीटीच्या वर-खाली ०.३२ व्होल्ट मिळतात. ६० ओहम लावले तर ०.३८. पण परावर्तन २० टक्क्यांवर जातं. डीडीआर-४ ला २४०० वेगापर्यंत व्हीरेफच्या वर-खाली ०.१ व्होल्ट पुरतात, त्यामुळे ०.३२ हा आकडा तसा उदार आहे. मला स्विंगपेक्षा स्वच्छ कड केव्हाही जास्त मोलाची वाटते.

आणखी एक पाऊल पुढे जा. कंट्रोलरपासून पहिल्या चिपपर्यंतच्या तुकड्यावर भार नाही, तो खरोखर ५० ओहमचा आहे. पुढे भारित लाइन ४१ ची. या सांध्यावरच १० टक्के परावर्तन होतं, रेझिस्टर कितीही अचूक असला तरी. उपाय सरळ आहे: पहिला तुकडा रुंद करून ४० ओहमचा ठेवा आणि चिप्समधले तुकडे अरुंद, ५० ते ५५ चे. मग सिग्नलला सुरुवातीपासून शेवटपर्यंत साधारण एकच इंपीडन्स दिसतो. हे स्टॅकअप ठरवतानाच करावं लागतं, नंतर करता येत नाही.

त्याच १.२३ ने सिग्नल मंदावतोही: भारित भागात मिलिमीटरला ७ ऐवजी ८.६ पिकोसेकंद. म्हणून क्लॉक आणि अॅड्रेसची लांबी केवळ एकूण बेरजेत जुळवू नका. प्रत्येक चिपपर्यंतची, तुकड्या-तुकड्याने जुळवा.

पायरी ५: क्लॉक

शेवटच्या चिपनंतर जोडीच्या दोन्ही तारांना एकेक रेझिस्टर, साधारण ३६ ते ३९ ओहमचा, त्यांची दुसरी टोकं एकत्र, आणि त्या मध्यबिंदूवर कपॅसिटर, बहुधा ०.०१ ते ०.१ मायक्रोफॅरडचा. दोन्ही तारांवर सारखाच येणारा गोंगाट या कपॅसिटरमधून जिरतो. तो व्हीडीडीला (चिपच्या सप्लायला) की ग्राउंडला, हे कंट्रोलरच्या मार्गदर्शिकेप्रमाणे. क्लॉकला व्हीटीटीच्या बेटावर, म्हणजे रेझिस्टरची टोकं जोडणाऱ्या तांब्याच्या तुकड्यावर, आणू नका. अॅड्रेस लाइन्सचा सगळा खळखळाट तिथे असतो.

पायरी ६: व्हीटीटीचा सप्लाय

डीडीआर-४ साठी व्हीटीटी म्हणजे ०.६ व्होल्ट, आणि व्हीडीडी हलला तर त्याच्या निम्म्यावरच राहणारा. प्रत्येक लाइन ०.६ ÷ ७४ म्हणजे ८.१ मिलिअँपिअर घेते किंवा देते. २५ लाइन्स एकाच वेळी एकाच पातळीला गेल्या, तर २०० मिलिअँपिअर. लाइन्स खाली असताना रेग्युलेटर करंट देतो, वर असताना त्याला तो गिळावा लागतो. साधा लिनियर रेग्युलेटर फक्त देऊ शकतो. तो इथे लावला, तर बहुतेक लाइन्स वर असताना व्हीटीटी फुगतो आणि उंबरठ्यापासूनचं अंतर घटतं. दोन्ही दिशांना चालणारा, याच कामासाठी बनवलेला डीडीआर टर्मिनेशन रेग्युलेटरच घ्या. रेझिस्टरमध्ये उष्णता मात्र नगण्य, प्रत्येकी ३ मिलिवॅटच्या आत, त्यामुळे लहान आकाराचे खुशाल वापरा.

व्हीरेफ आणि व्हीटीटी यांची पातळी एकच, म्हणून काही जण दोन्ही एकाच तारेवर घेतात. कृपा करून असं करू नका. व्हीटीटीवर सतत करंट उसळत असतो, आणि व्हीरेफ ही मोजमापाची पट्टी आहे. अॅड्रेसचा व्हीरेफ वेगळा काढा, त्याला स्वतःचा कपॅसिटर द्या.

पायरी ७: लेआउट

रेझिस्टर शेवटच्या चिपनंतरच. माझ्या सुरुवातीच्या एका बोर्डवर टोकाला माउंटिंग होल आलं होतं, म्हणून रेझिस्टरची रांग शेवटच्या चिपच्या आधी सरकवली गेली. शेवटच्या चिपपर्यंतचा १० मिलिमीटरचा तुकडा मग उघडी शेपटी झाला: जाऊन-येऊन १४० पिकोसेकंदांचं परावर्तन. त्याच एका चिपचे बिट चुकत होते आणि आम्ही तीन दिवस चिप बदलत बसलो. शेवटच्या चिपनंतर लाइन १० मिलिमीटर जास्त गेली, तर मात्र फारसं बिघडत नाही, कारण ती त्याच इंपीडन्सने रेझिस्टरपर्यंत जाते. जागेची अडचण असेल तर रांग पुढे न्या, मागे कधीच नाही.

परतीची वाट हा दुसरा मोठा मुद्दा. सिग्नलची कड रेझिस्टरमधून व्हीटीटीच्या बेटावर उतरते आणि तिचा करंट ट्रॅकच्या खालच्या प्लेनमध्ये, म्हणजे तांब्याच्या सलग थरात, परत जायला हवा. ती वाट म्हणजे बेटावरचे कपॅसिटर. दर दोन ते चार रेझिस्टरमागे एक, रेझिस्टरच्या लगत, आणि बेटाच्या दोन्ही टोकांना १० मायक्रोफॅरडचा एकेक. कपॅसिटरचं दुसरं टोक त्याच प्लेनला जोडा, ज्याच्यावरून ट्रॅक धावला आहे. ट्रॅक व्हीडीडी प्लेनवर आणि कपॅसिटर फक्त ग्राउंडला, असं झालं तर करंट लांबून वळसा घालतो. बेट वरच्या लेयरवर रुंद ठेवा, रेग्युलेटरची सेन्स तार थेट बेटावरूनच घ्या.

चार रेझिस्टरचे पॅक जागा वाचवतात. वापरा, पण एका पॅकमध्ये एकाच गटाचे सिग्नल ठेवा.

पायरी ८: आधी सिम्युलेशन, मग मोजणी

आयबिस मॉडेलसह पहिली आणि शेवटची अशा दोन्ही चिप्सवरची लहर बघा. इंपीडन्सचा सांधा नीट जुळला नसेल, तर अनेकदा पहिली चिपच जास्त त्रास सोसते, कारण पुढच्या प्रत्येक भारावरून परतणारी लहर तिच्यापाशी जमा होते. रेझिस्टर ३३, ३९ आणि ४७ असा बदलून बघा.

बोर्ड हातात आल्यावर प्रोब चिपखालच्या व्हायावर लावा, रेझिस्टरवर नाही. तिथे तर सगळ्यात गोंडस लहर दिसणारच. मेमरीची जड चाचणी चालू असताना व्हीटीटीची पातळी आणि त्यावरची लहर मोजा.

मग ट्रेनिंगने निवडलेला डेटाचा व्हीरेफ वाचा. गणिताने ७१ टक्के आला होता. वाचलेला आकडा ७० ते ७३ च्या आसपास असेल तर ठीक. तो ७८ निघाला, तर ओडीटी किंवा ड्राइव्ह तुम्ही समजता तशी लागलेली नाही. रजिस्टरमध्ये काय लिहिलं गेलं ते तपासा, आणि झेडक्यूचा रेझिस्टर मोजा.

शेवटी फर्मवेअरमधून ओडीटी आणि ड्राइव्हच्या सर्व जोड्या फिरवून प्रत्येकीवर आय किती उघडते ते टिपा, एकदा गार आणि एकदा तापलेल्या बोर्डवर. सर्वांत मोठी आय देणारी जोडी निवडू नका. जिच्या आजूबाजूच्या जोड्याही चांगल्या चालतात ती निवडा. हा तक्ता स्कीमॅटिकच्या फाइलसोबत ठेवा. दुसऱ्या उत्पादकाची चिप बसवायची वेळ येईल, तेव्हा मोजणी पुन्हा करून नवा तक्ता याच्याशेजारी ठेवायचा आहे.